सामायिक मेल-फोल्डर: कुणाला काय करता यावे?

कोपरगाव तालुक्यात कोळपेवाडी आणि सहजानंदनगर इथे सहकारी साखर कारखाने आहेत. अशा कोणत्याही कारखान्याच्या शेतकी, लेखा आणि खरेदी विभागांना एकच सामायिक मेल-फोल्डर दिला, तर ऊसनोंदीच्या तक्रारी, सभासदांचे बँक खाते क्रमांक आणि निविदांचे दर एकाच ठिकाणी येऊन पडतात. तिथे प्रवेश कुणाला, एवढेच ठरवून भागत नाही. कशासाठी, हेही ठरवावे लागते. सर्व्हरवरचे मेल हाताळण्याच्या आयमॅप पद्धतीसाठीच्या, 2005 च्या आरएफसी 4314 या मानकात फोल्डर यादीत दिसणे, मेल वाचणे, पुसण्याची खूण करणे, कायमचा काढणे आणि इतरांना हक्क वाटणे हे सगळे वेगवेगळे हक्क आहेत. यातला शेवटचा सर्वांत जोखमीचा, कारण तो हाती असलेला माणूस बाकीचे सगळे स्वतःलाच देऊ शकतो.

म्हणून हक्क व्यक्तीला न देता कामाच्या गटाला द्यावेत. बदली झाली की माणसाला गटातून काढले, काम संपले. यावर म्हटले जाते की छोट्या कार्यालयात सगळे विश्वासातले असतात आणि गळीत हंगामात कुणी रजेवर गेले तर काम अडते, तेव्हा एकच पासवर्ड सर्वांना द्यावा. अडचण खरी आहे, पण ती गटात दोन माणसे ठेवून सुटते. सामायिक पासवर्डने मात्र सर्व्हरच्या नोंदीत एकच नाव उमटते. मेल कुणी पुसला हे कळत नाही आणि संशय निर्दोष माणसावरही येतो. विश्वासू कर्मचाऱ्यालाच याची झळ अधिक बसते.