एलिप्टिकल ‘कसंही’ चालवू नका

‘एलिप्टिकलवर गुडघ्यांना काही होत नाही हो, कसंही चालवा.’ दुकानातला विक्रेता हे सांगतो, सोसायटीच्या जिममधले शेजारी सांगतात. गुडघे दुखतात म्हणून पहिल्यांदा मशिनवर चढणाऱ्या काकूंना तर हे हमखास ऐकवलं जातं. यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच उरलेलं अर्धं लोकांच्या डोक्यातून निघत नाही.

धावताना पाऊल दर वेळी जमिनीवर आदळतं. इथे ते पेडलवरून उचललंच जात नाही, त्यामुळे दणका बसत नाही. इथपर्यंत ठीक. पण गुडघ्यावरचा भार काय फक्त दणक्यानेच येतो? वाकलेल्या गुडघ्यावर अंगाचं वजन तोलून पेडल रेटताना मांडीचे पुढचे स्नायू जोर लावतात आणि तो ताण गुडघ्याच्या वाटीवरूनच जातो. तैवानमधल्या संशोधकांनी हे मोजून 2007 साली ‘मेडिसिन अँड सायन्स इन स्पोर्ट्स अँड एक्सरसाइज’ या नियतकालिकात मांडलं. साध्या चालण्याच्या तुलनेत एलिप्टिकलवर पायावरचा भार सावकाश चढतो, पण गुडघा सरळ करायला लागणारा जोर चालण्यापेक्षा जास्त निघाला. धावण्यापेक्षा नाही, चालण्यापेक्षा! तरीही दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसाला ‘कसंही चालवा’ म्हणून सांगायचं?

म्हणून आधी रेझिस्टन्स बघा. पहिल्याच दिवशी तो वर चढवला की सगळा जोर गुडघ्यावर येतो. अगदी शून्यावर ठेवणंही बरं नाही; मग जड चाकच पायांना ओढत नेतं आणि कंबर उसळत राहते. पेडल आपण ढकलतोय हे जाणवावं आणि चालवताना पूर्ण वाक्य बोलता यावं, एवढाच ठेवा. अख्खा तळवा पेडलवर टेकलेला हवा. सगळं वजन चवड्यांवर घेतलं की थोड्या वेळात बोटांना मुंग्या येतात, आणि लोक नस दबली म्हणून घाबरतात. तळवा टेकवा, बुटाची नाडी जरा सैल करा, बहुतेकांना तेवढ्याने बरं वाटतं. गुडघा पावलाच्या दिशेतच वाकू द्या, आत झुकू देऊ नका. पेडल मागेपुढे सरकवायची सोय असेल तर उंचीप्रमाणे सरकवा. उंच माणसाला आखूड टप्प्यावर सतत गुडघे दुमडून चालावं लागतं. एवढं करूनही दुखलं तर उतरा आणि डॉक्टरांना दाखवा. दुखणं रेटून पुढे जाण्यात शहाणपण नाही.

‘पाय थांबवले की मशिन थांबतं’ हा दुसरा गैरसमज. घरगुती मशिनमध्ये सायकलसारखं फ्रीव्हील सहसा नसतं. पाय थांबले तरी चाकाचा वेग जिरेपर्यंत पेडल फिरत राहतात. चढताना स्थिर दांडा धरून आधी खालच्या पेडलवर पाय ठेवा. उतरताना सगळं पूर्ण थांबू द्या, मग वरच्या पेडलवरचा पाय आधी काढा. लहान मुलांची बोटं सापडतात तीही याच फिरत्या सांध्यांमध्ये.

उलटं चालवल्याने गुडघे बरे होत नाहीत, मांडीच्या पुढच्या स्नायूंना उलट जास्त काम पडतं. पोट तेवढं कमी करणारं मशिन अस्तित्वात नाही. तुमचं वजन न विचारताच कॅलरी दाखवणारा पडदा अंदाजच सांगतो, आणि हँडलवरचे नाडीचे आकडे वैद्यकीय तपासणीसाठी नसतात. ‘कोपऱ्यात कुठेही बसतं’ हेही ऐकू नका. पेडल वर आलं की माणूस नेहमीपेक्षा बराच उंच होतो, तेव्हा डोक्यावर पंखा फिरतोय का ते आधी पाहा.

मशिन डगमगत असेल तर खालचे पाय फिरवून ते समपातळीत आणा. कुरकुर ऐकू आली की पाना घेऊन बोल्ट आवळा. बऱ्याच मशिनमध्ये डाव्या पेडलचा बोल्ट उलट्या आट्यांचा असतो. तो नेहमीच्या दिशेने पिळलात तर आवळायच्या नादात सैल कराल.