दाखला पंधरा दिवसांत: नागपूरच्या सेवा हक्क आयुक्तांचे काम

दहावी-बारावीचे निकाल लागले की नागपूरच्या सेतू केंद्रांत पाय ठेवायला जागा उरत नाही. प्रवेशासाठी कुणाला उत्पन्नाचा दाखला हवा असतो, कुणाला अधिवासाचा, तर कुणाला नॉन-क्रिमीलेअरचा. खिडकीवर कागद तपासले जातात, अर्ज संगणकावर चढतो आणि हातात पोचपावती पडते. बहुतेक जण तिची घडी करून खिशात घालतात. पण तिच्यावरची तारीख आणि अर्जाचा क्रमांक फार मोलाचे आहेत. कागदपत्रे पूर्ण असतील, तर सरकारची मुदत तिथूनच मोजली जाते. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी ती पंधरा दिवसांची आहे.

ही मुदत महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 ने दिली. 28 एप्रिल 2015 रोजी आधी अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी त्याचा कायदा झाला. त्याआधी नागरिकांची सनद होती. दफ्तरदिरंगाईला आळा घालणारा 2005 चा कायदाही होता. सनदा कार्यालयांच्या भिंतींवर लागल्या, पण मुदत टळल्यावर दाद कुठे मागायची, हे सामान्य माणसाला कळत नव्हते. शेजारच्या मध्य प्रदेशाने 2010 मध्ये सेवेच्या हमीचा कायदा करून देशात वाट पाडली. महाराष्ट्र पाच वर्षांनी त्या वाटेने गेला.

नव्या कायद्याने प्रत्येक अधिसूचित सेवेला एक पदनिर्देशित अधिकारी नेमला. दाखला मुदतीत मिळाला नाही किंवा अर्ज फेटाळला, तर तीस दिवसांत पहिले अपील करता येते. ते त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडे जाते. दुसरे अपीलही खात्यातच होते. तिथेही न्याय मिळाला नाही, तर साठ दिवसांत राज्य सेवा हक्क आयोगाकडे तिसरे अपील करता येते. सबळ कारणाशिवाय सेवा अडवणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांचा दंड होऊ शकतो.

आयोग 2017 मध्ये उभा राहिला. माजी मुख्य सचिव स्वाधीन क्षत्रिय हे पहिले मुख्य आयुक्त. मुख्य आयुक्त मुंबईत असतात आणि महसुली विभागांसाठी स्वतंत्र आयुक्त असतात. नागपूरच्या आयुक्तांकडे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे सहा जिल्हे येतात. हे पद सांभाळलेले अभय यावलकर त्याआधी राज्याच्या आपत्ती व्यवस्थापनाचे संचालक होते.

आयुक्तांपुढे येणारे अपील ही या कामाची एकच बाजू. आयोगाला निकालासाठी नव्वद दिवस आहेत. तीन पायऱ्या चढून दाद मिळेपर्यंत विद्यार्थ्याचा प्रवेश कधीच हुकलेला असतो. म्हणून अपील येण्याआधीच कामे मार्गी लागणे महत्त्वाचे. आयुक्तांचे जिल्हा दौरे आणि आढावा बैठका त्यासाठीच असतात. किती अर्ज आले, किती मुदतीत निघाले, कोणत्या तालुक्यात तुंबले, याचा हिशेब तिथे मागितला जातो. सेवा, मुदत आणि अपील अधिकारी दाखवणारा फलक कार्यालयात दर्शनी भागी आहे की नाही, हेही पाहिले जाते. तो लावणे कायद्यानेच बंधनकारक आहे.

मुदतीत काम होण्याची खरी गरज गडचिरोलीत कळते. या जिल्ह्यातल्या भामरागडहून नागपूर तीनशे किलोमीटरहून लांब आहे. अर्ज ऑनलाइन करता येतो, पण दुर्गम भागात नेटवर्कचा भरवसा नाही. एका दाखल्यासाठी तहसीलला दोन हेलपाटे झाले, की दोन दिवसांची मजुरी बुडते आणि एसटीचे भाडे वेगळे. दंड झाला, तरी ही बुडालेली मजुरी अर्जदाराला परत मिळत नाही. कायद्यातली ही उणीव दूर व्हायला हवी. मध्य प्रदेशच्या कायद्यात दंडाच्या रकमेतून अर्जदाराला भरपाई देण्याची सोय आहे. ती महाराष्ट्रानेही करावी.

तोवर नागरिकाच्या हाती जे आहे, ते त्याने सोडू नये. कागद नुसता टेबलावर ठेवून येऊ नये, पोच घ्यावी. नकार मिळाला तर तो कारणांसह लेखी मागावा. मुदत टळली की विनवण्या न करता अपील करावे. गावातल्या शिकलेल्या पोरांनी, शिक्षकांनी, ग्रामपंचायतीच्या आपले सरकार केंद्रचालकांनी हे अपील लिहून द्यायला मदत केली, तर दाखल्यासाठी कुणापुढे हात जोडण्याची वेळ येणार नाही. आयुक्त कितीही तळमळीचा असला, तरी अपिलाविना प्रत्येक अर्जाच्या दिरंगाईचा पुरावा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. तो पुरावा लोकांनीच त्याच्या हाती द्यायचा आहे.