बी.ए. इतिहास... मग पुढे काय?

"काय करायचं हो ताई हिचं? बारावीला चांगले मार्क होते, तरी बाईसाहेबांनी आर्ट्सला जाऊन इतिहास घेतला. आता बी.ए. झाली. इथे कंपनीत इतिहास विचारतो कोण?"

बोईसरला मंडळाच्या हळदीकुंकवात एक वहिनी वाण हातात घेऊन मला विचारत होत्या. लेक शेजारीच, मान खाली घालून उभी. वहिनींचं अगदीच चुकत होतं असं नाही. बोईसर-तारापूर म्हणजे एमआयडीसी आणि १९६९ पासूनचं अणुऊर्जा केंद्र. इथे नोकरी म्हणजे केमिस्ट, फिटर, इंजिनिअर, फार तर अकाउंट्स!

मैत्रिणींनो, मीही इतिहासाचीच पदवीधर. लग्नानंतर सर्टिफिकेट कपाटात गेलं ते गेलंच. डोळे उघडले ते दाखल्यांच्या कामात. जातपडताळणीला जुना पुरावा लागतो. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. एका बाईला मुलाच्या पणजोबांचा, जन्म-मृत्यूच्या नोंदवहीतला उतारा मिळाला. पण तो मोडीत! ॲडमिशनची तारीख तोंडावर आणि कागद वाचणारं कुणी नाही. मोडी जाणणारे एक वयस्क गृहस्थ शोधायला पंधरा दिवस गेले. त्यांनी लिप्यंतर करून दिलं आणि मुलाचं वर्ष थोडक्यात वाचलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. इतिहास शिकलेली मी, आणि तो कागद मलाच वाचता येऊ नये?

पुढे २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची गरज सगळ्यांनाच कळली. जमिनीचे वाद, वारसाहक्क, देवस्थानांची जुनी दप्तरं, सगळीकडे हे काम लागतं. लिपी काही महिन्यांच्या सरावाने हाती येते. जुनी भाषा समजायला मात्र इतिहासाची बैठक हवी.

म्हणून वहिनींना म्हटलं, नुसत्या पदवीवर नोकरी दाराशी येणार नाही, हे खरं. पण पदवीला एक हुन्नर जोडला की वाटा फुटतात. शिकवायची आवड असेल तर बी.एड. आणि शिक्षक भरतीच्या परीक्षा. कॉलेजात शिकवायचं तर एम.ए. करून नेट किंवा सेट. एमपीएससी, यूपीएससीला कुठलीही पदवी चालते आणि इतिहास तर अभ्यासक्रमातच असतो. पण जागा थोड्या, मुलं लाखांनी. तेव्हा किती वर्षं द्यायची हे आधीच ठरवावं आणि हाताशी दुसरं काही ठेवावं. वकिली करायची तर पदवीनंतर सीईटी देऊन तीन वर्षांचं एलएल.बी. आहेच. ग्रंथपालाचा कोर्सही करता येतो.

थोडी वेगळी वाट हवी? पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वशास्त्रात एम.ए. करता येतं. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संग्रहालयशास्त्र शिकवतात. चर्चगेटला उतरून तिथे चालत जाता येतं. २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली, तेव्हापासून आपल्या मुलींना मुंबई तशी जवळच झाली आहे. राज्याच्या पुराभिलेख खात्यात तर जुन्या कागदांचा डोंगर आहे.

आणि आपला पालघर जिल्हा? चिमाजी अप्पांच्या फौजेने १७३९ साली पोर्तुगीजांकडून घेतलेला तारापूरचा किल्ला इथलाच. केळवे, माहीम, शिरगाव, अशेरी असे कितीतरी किल्ले. १४ ऑगस्ट १९४२ ला पालघरात पाच जण हुतात्मा झाले. गोदावरी परुळेकरांनी उभं केलेलं वारल्यांचं आंदोलन याच मातीतलं. केळव्याच्या किनाऱ्यावर सुट्टीत गर्दी असते, पण किल्ला नीट समजावून सांगणारं माणूस सहसा भेटत नाही. पाड्यावरच्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी कुणी लिहून घ्यायच्या? एक माणूस गेलं की एक दप्तरच जळतं. आपल्या मुली हे काम करू शकतात. सुरुवातीला पैसे थोडे मिळतील, पण काम आपल्या गावातलं आणि मानाचं.

आयांनो, एवढंच करा. मुलीने विषय निवडला की नाक मुरडू नका. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातच तिच्याबरोबर बसून पुढचा कोर्स, फी, प्रवास, सगळं कागदावर मांडा. "आधी लग्न, मग बघू" म्हणत माझ्यासारखं सर्टिफिकेट कपाटात जाऊ देऊ नका.

परवा त्या वहिनी बाजारात भेटल्या. म्हणाल्या, "ताई, पोरगी रोज रात्री मोडी गिरवते. माझ्या सासऱ्यांच्या ट्रंकेतला एक कागद काढलाय. अर्धा वाचून झाला म्हणे!"

मीही वही आणली आहे. आता आम्ही दोघी मिळून गिरवतो.