माशांच्या काचपेटीमागील देखावा

रायपूर हे तलावांचे शहर आहे. बुढा तलाव, म्हणजे आजचे विवेकानंद सरोवर, आणि तेलीबांधा ही नावे तर सर्वांच्या तोंडी आहेत. परंतु एखाद्या जुन्या गावाची थोरवी सांगताना तेथे ‘छै आगर छै कोरी’ तलाव होते असे म्हणण्याची रीत छत्तीसगढात सर्वत्र आढळते. कोरी म्हणजे वीस. सहा कोरी आणि वर सहा, म्हणजे १२६ तलाव. अशा तलावाला उतरत्या पायऱ्यांचा घाट असतो. त्याला तिकडे ‘पचरी’ म्हणतात. पुष्कळ जुन्या तलावांच्या मध्यभागी एक लाकडी खांबही उभा दिसतो. तलावाचे लग्न लावताना तो रोवलेला असतो. रायपूरच्या एखाद्या शाळेतील मुलांना माशांच्या काचपेटीमागे देखावा करावयाचा असेल, तर दूरच्या समुद्रातील प्रवाळांचे छापील चित्र आणून चिकटविण्यापेक्षा ही पचरी आणि हा खांब त्यांनी का घेऊ नये?

असे ठरल्यावर मनात प्रथम येते ते हे की, दगडाच्या चिपांची लहानशी पचरी रचावी आणि ती सरळ पाण्यात ठेवून द्यावी. प्रस्तुत लेखकानेही आरंभी हेच केले. फर्शीचे तुकडे सिमेंटने जोडले, चार दिवस वाळू दिले, आणि एका संध्याकाळी ती पचरी पेटीत मागल्या काचेशी बसविली. सकाळी पाहतो तो गप्पी मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करीत होते, आणि दोन तळाशी निपचित पडले होते. तांबडा लिटमस कागद पाण्यात बुडविताच निळा झाला. पचरी बाहेर काढली, पाणी थोडे थोडे करून बदलले, तेव्हा उरलेले मासे वाचले. पचरी दिसण्यात चांगली होती. तिची जागा मात्र चुकली होती.

नव्या सिमेंटातून विझविलेला चुना पाण्यात उतरत राहतो, आणि त्यामुळे पाण्याचा सामू वाढतो. सामू म्हणजे पाणी किती आम्ल वा किती अल्कधर्मी आहे हे सांगणारा अंक होय. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. हा अमोनिया पाण्यात दोन रूपांत राहतो: एक बरेचसे निरुपद्रवी, दुसरे विषारी. सामू ७ असताना, २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात, विषारी रूप शेकडा जेमतेम अर्धा भाग असते. सामू ८ झाला की ते शेकडा पाचांवर जाते, आणि ९ झाला तर शेकडा पस्तिसांच्या आसपास. पेटीत नवीन काहीही विष न घालता, केवळ सामू वाढल्याने, कालपर्यंत सहन होणारी घाण आज जीवघेणी ठरते. सिमेंटची वस्तू कित्येक आठवडे पाण्यात भिजवून, ते पाणी वरचेवर बदलून निवविता येते हे खरे. पण तेवढा धीर मुलांना नसतो, आणि खरे सांगावयाचे तर मोठ्यांनाही नसतो.

आता फर्शीचे पाहू. रायपुरात घरांच्या जमिनीत आणि कुंपणाच्या उभ्या चिरांत जो करडा वा जांभळट सपाट दगड दिसतो, तो चुनखडक आहे. सुमारे एक अब्ज वर्षांपूर्वी या प्रदेशावर उथळ समुद्र होता; त्याच्या तळाशी साचलेला हा गाळ. रायपूर व बलौदाबाजार या भागांत सिमेंटचे मोठमोठे कारखाने निघाले, त्याचे कारणही हाच दगड होय. पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायॉक्साइड वायूमुळे चुनखडक अगदी सावकाश विरघळतो, आणि पाणी अधिकाधिक जड व किंचित अल्कधर्मी होत जाते. हा परिणाम नव्या सिमेंटाइतका उग्र नसतो. गप्पी किंवा सोनमासा तो सहज सोसतो. परंतु ॲमेझॉनच्या मऊ, किंचित आम्ल पाण्यातून आलेल्या निऑन टेट्रासारख्या माशाला तो मानवत नाही. त्यातून जेथे विहिरीचे पाणी चुनखडकातूनच येते, तेथे ते मुळात जड असते. त्यात आणखी भर कशाला?

दगड चुनखडकाचा आहे की नाही, हे घरी पाहता येते. खिळ्याने त्यावर ओरखडा काढावा, आणि पडलेल्या भुकटीवर व्हिनेगरचे अथवा लिंबाच्या रसाचे थेंब टाकावेत. बारीक बुडबुडे आले तर तो दगड पाण्यात घालू नये. शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली विरल हायड्रोक्लोरिक आम्ल वापरले म्हणजे उत्तर अधिक स्पष्ट मिळते. ग्रॅनाइट वा वालुकाश्म फसफसत नाही. शोभेसाठी विकत मिळणारे पांढरे संगमरवरी खडे मात्र हमखास फसफसतात. संगमरवर हे चुनखडकाचेच रूपांतर आहे.

दगडाऐवजी थर्मोकोल कोरून त्याचा खडक करण्याची युक्ति अलीकडे फार चालते. त्यातील हिशोब कोणी करीत नाही. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३० उंच अशा पेटीत काठोकाठ भरल्यास ५४ लिटर पाणी राहते. तिच्या मागल्या काचेला ५ सेंटिमीटर जाडीचा खडक लावला की ९ लिटर पाण्याची जागा गेली. म्हणजे माशांच्या घराचा सहावा हिस्सा आपण देखाव्यास दिला. शिवाय थर्मोकोल जवळजवळ वजनरहित असल्याने, आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार त्यावर सुमारे ९ किलोग्रॅम वजनाइतका जोर वरच्या दिशेने लागतो. चिकटवणीने दगा दिला की संपूर्ण खडक एखाद्या मध्यरात्री उसळून वर येतो.

या साऱ्या अडचणींना एकच सोपे उत्तर आहे: देखावा पाण्यात न करता काचेच्या मागे, कोरड्यात करावा. मग फर्शी चालते, चुना चालतो, माती चालते. पाण्यात जे घातक, ते काचेपलीकडे निरुपद्रवी असते.

परंतु मागे नुसते चित्र चिकटवून भागत नाही. पाण्याच्या वक्रीभवनामुळे ३० सेंटिमीटर रुंदीची पेटी समोरून पाहणाऱ्याला सुमारे साडेबावीस सेंटिमीटरच रुंद भासते. विहीर दिसते त्याहून खोल असते, तसाच हा प्रकार. त्यामुळे काचेला चिकटलेले चित्र माशांच्या अंगावर आल्यासारखे दिसते. चित्राऐवजी मागे २० सेंटिमीटर खोलीचे खोके ठेवले, तर ते हवेत असल्यामुळे त्याची खोली आकसत नाही. पाहणाऱ्याला एकंदर साडेबेचाळीस सेंटिमीटर खोली भासते, म्हणजे पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट.

बाजूच्या काचांची गंमत निराळीच आहे. पेटीसमोर उभे राहून बाजूच्या काचेकडे पाहावे. तिच्यापलीकडे ठेवलेली वस्तू दिसत नाही, काच आरशासारखी चकाकते. पाण्यातून हवेकडे जाणारा प्रकाश लंबाशी सुमारे साडेअठ्ठेचाळीस अंशांहून मोठा कोन करीत असेल तर तो बाहेर न पडता संपूर्ण परावर्तित होतो, आणि समोरून पाहणाऱ्याची दृष्टिरेषा बाजूच्या काचेवर नेहमी याहून तिरपीच पडते. यास्तव बाजूंना हौसेने कागद लावण्याचा खटाटोप व्यर्थ होय. कागद व काच यांमध्ये हवेचा पातळ थर राहतो आणि कागद दिसतच नाही. उलट मागल्या देखाव्याचे प्रतिबिंब दोन्ही बाजूंना पडून पचरी आपोआप लांबवर पसरल्यासारखी दिसते. ज्याला हे प्रतिबिंब नको असेल त्याने बाजूच्या काचेवर बाहेरून काळा रंगच द्यावा; रंग काचेला घट्ट चिकटला म्हणजे मध्ये हवा उरत नाही. सियामी लढवय्या मासा पाळणाऱ्याने तर हे अवश्य करावे. आरशात दिसणाऱ्या स्वतःच्याच प्रतिमेला प्रतिस्पर्धी समजून तो पर फुलवून तासन्‌तास झुंजत राहतो.

आता खोके. प्लायवुडचे अथवा जुन्या फळ्यांचे करावे. मागल्या काचेतून बाहेर पडणारी दृष्टिरेषा आत येताना होती तितकीच तिरपी होते, म्हणून खोके पेटीपेक्षा दोन्ही बाजूंना व वर एकेक वीत मोठे हवे. नाही तर जरा बाजूला सरकून पाहणाऱ्याला फळीची कड दिसते आणि सारा भ्रम नाहीसा होतो. खोक्याचा तळ पेटीतील वाळूच्या पातळीपर्यंत, म्हणजे चारपाच सेंटिमीटर, उचलून घ्यावा व त्यावर तीच वाळू पसरावी. पेटीतील जमीन पुढे चालूच आहे असे वाटते, आणि मधली काच कोठे आहे हे चटकन सांगता येत नाही. मागच्या बाजूला जाड पुठ्ठा धनुष्यासारखा वाकवून बसवावा, म्हणजे कोपरे राहत नाहीत. प्राणिसंग्रहाच्या दालनांतून देखावे करणारे कारागीर हीच युक्ति वापरतात.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हा देखावा काठावर उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेचा नसून तलावात बुडी मारणाऱ्याच्या नजरेचा असावा. म्हणून आकाश, झाडे, देऊळ काढू नये. आपल्या तलावांचे पाणी हिरवट असते. पुठ्ठ्यावर वर फिकट हिरवट-करडा आणि खाली गडद होत जाणारा रंग द्यावा. काजळी, नीळ, थोडा गेरू आणि चुना डिंकाच्या पाण्यात कालवून झकास रंग होतो. तैलरंगाला तकाकी असते, तो टाळावा. फर्शीच्या चिपांच्या पायऱ्या चिखलाने जोडाव्यात. पुढची पायरी दोन सेंटिमीटर उंच, तिच्यामागची दीड, मग एक, अशा लहान होत गेल्या की घाट दूरवर चढल्यासारखा दिसतो. पाण्यात दूरचे पदार्थ धूसर होतात, म्हणून मागल्या पायऱ्यांवर पातळ करड्या रंगाचा हात फिरवावा. खांबासाठी पेन्सिलीएवढी सरळ वाळकी काठी पुरते. ती अगदी मध्यावर न लावता थोडी बाजूला आणि पुठ्ठ्यापासून दूर ठेवावी, म्हणजे तिची सावली ‘पाण्यावर’ पडणार नाही.

उजेडाचा नियम सार्वजनिक मत्स्यालयांतून घेण्यासारखा आहे. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालचे. अशा ठिकाणी पाहणारा अंधारात आणि पाणी उजेडात ठेवण्याची पद्धत आहे. घरी पाणी सर्वांत उजळ, खोके त्याहून मंद आणि खोली सर्वांत अंधारी, असा क्रम साधावा. खोक्यात लहानसा एलईडी दिवा पांढऱ्या कागदाआड लपवावा. जुन्या तऱ्हेचा तापणारा दिवा नको. रायपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि पाणी जितके उष्ण तितका त्यात प्राणवायू कमी मावतो: २५ अंशांला लिटरमागे ८ मिलिग्रॅमहून थोडा अधिक, ३५ अंशांला ७ मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणून खोक्याला मागून हवेसाठी भोके पाडावीत, आणि पेटी खिडकीच्या उन्हात कधीही ठेवू नये. पावसाळ्यात आत बुरशी धरते, फळ्यांना वाळवी लागते. खोके पेटीला न जोडता नुसते टेकवून ठेवले असेल तर ओढून काढून साफ करता येते.

माशांना या साऱ्याचे काय वाटते? निदान पार्श्वभूमी उजळ की काळोखी, हे त्यांना निश्चित कळते. माशाच्या त्वचेतील रंजकपेशींत काळ्या द्रव्याचे कण असतात. काळोख्या जागी ते पेशीभर पसरतात आणि मासा गडद होतो. पांढऱ्या जागी ते मध्यभागी गोळा होतात आणि मासा फिका पडतो. कार्ल फॉन फ्रिश यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी यावर प्रयोग केले. फ्रान्सिस समनर यांनी १९११ मध्ये चपट्या माशांना निरनिराळ्या नक्षीच्या तळांवर ठेवले, तेव्हा त्यांच्या अंगावरील नक्षीही त्याप्रमाणे जाड वा बारीक होत गेली. पांढऱ्या भिंतीपुढे ठेवलेल्या पेटीतील मासे निस्तेज दिसतात, ते पुष्कळदा आजारी नसतात.

खोके बसविण्यापूर्वी शाळेत एक प्रयोग करून पाहावा. मागल्या काचेच्या अर्ध्या भागामागे पांढरा व अर्ध्या भागामागे गडद हिरवा कागद लावावा. तासाभराने, दर पाच मिनिटांनी, प्रत्येक अर्ध्यात किती मासे आहेत ते वहीत मांडावे. अशा वीस नोंदी घ्याव्यात. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी कागदांची अदलाबदल करून पुन्हा वीस नोंदी घ्याव्यात. ही अदलाबदल टाळू नये. नाही तर मासे हिरव्या कागदापाशी गेले, की केवळ खिडकीपासून दूर गेले, हे सांगता येणार नाही. नोंदी घेणाऱ्याने पेटीपासून दोन हात दूर, हालचाल न करता बसावे, आणि त्या दिवशी माशांना खाणे नोंदी संपल्यावरच द्यावे.