जिन्यातला दिवा आणि न्यूरॉन

कृत्रिम न्यूरॉन म्हटले की मेंदूची बारीकशी प्रतिकृती डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात तो सातवीच्या मुलाला जमेल असा हिशेब आहे. येणाऱ्या प्रत्येक आकड्याला त्याच्या भाराने, म्हणजे त्याचे महत्त्व ठरवणाऱ्या आकड्याने, गुणायचे, सगळे गुणाकार मिळवायचे. बेरीज एक ठरलेला आकडा, म्हणजे उंबरठा, ओलांडून गेली तर उत्तर १, नाही तर ०. वॉरन मॅकलॉक आणि वॉल्टर पिट्स यांनी १९४३ मध्ये असा उंबरठ्याचा न्यूरॉन कागदावर मांडला. पुढे फ्रँक रोझेनब्लॅट यांच्या ‘मार्क वन परसेप्ट्रॉन’ यंत्रात ४०० प्रकाशसंवेदी घट बसवले गेले आणि भार म्हणजे चक्क मोटरने फिरणारी बटणे होती, रेडिओचा आवाज कमी-जास्त करतो तशी. उत्तर चुकले की मोटर बटण किंचित फिरवी. यंत्राचे शिकणे ते एवढेच.

या हिशेबाची मर्यादा घरच्या जिन्यातच दिसते. खाली एक बटण, वर एक. दोहोंपैकी एकच चालू असेल तर दिवा लागतो, दोन्ही चालू किंवा दोन्ही बंद असतील तर विझतो. हे काम एका न्यूरॉनवर सोपवून पाहा. दोन्ही बंद असताना बेरीज शून्य आणि दिवा विझलेला हवा, म्हणून उंबरठा शून्याखाली नेता येत नाही. नुसत्या खालच्या बटणाने दिवा लागायचा तर त्याचा भार उंबरठ्याहून मोठा हवा, वरच्याचेही तेच. मग दोन्ही भार मिळून उंबरठा ओलांडणारच आणि नको तेव्हा दिवा लागणार! आकडे कितीही फिरवा, सुटका नाही. मार्विन मिन्स्की आणि सेमूर पॅपर्ट यांनी १९६९ च्या पुस्तकात न्यूरॉनांचा एकच थर असलेल्या जाळ्यांच्या अशा मर्यादा गणिताने दाखवल्या.

तीन न्यूरॉन घेतले की गाठ सुटते. पहिल्या दोघांत बटणांचे भार १-१ ठेवू. पहिल्याचा उंबरठा ०.५, म्हणजे तो ‘निदान एक तरी चालू’ ओळखतो, दुसऱ्याचा १.५, म्हणजे ‘दोन्ही चालू’. तिसरा पहिल्याचे उत्तर अधिक धरतो, दुसऱ्याचे वजा, आणि त्याचा उंबरठा ०.५. दोन्ही बटणे चालू: १ वजा १, शून्य, दिवा विझला. यावर कोणी म्हणेल, बेरजेची बेरीज अखेर बेरीजच, मग हे जमले कसे? शंका रास्त आहे. उंबरठे काढून टाकले तर शंभर थरही एका थरात मावतात. ताकद बेरजेत नाही, थराथरांमधल्या त्या अडवण्यात आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार: इथे भार आपण ठरवले, यंत्राला मधल्या थरांचे भार कसे सापडणार? सरळ उडी मारणारा उंबरठा चूक किती थोडक्यात झाली ते सांगत नाही, म्हणून त्याच्या जागी हळूहळू चढणारी वक्ररेषा आली. रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांनी १९८६ मध्ये चुकीचा हिशेब शेवटून मागे नेत भार सुधारण्याची रीत परिणामकारकपणे दाखवली. हल्ली तर बऱ्याच ठिकाणी नियम आणखी साधा असतो: बेरीज ऋण आली तर शून्य, नाही तर आहे तशीच पुढे. जिवंत चेतापेशी मात्र संदेश कधी आला हेही पाहते. या सूत्रात वेळेला जागाच नाही. मेंदूशी याचे नाते आडनावापुरतेच.