आवाज मोठा नको, शब्द स्पष्ट हवेत!
घरासाठी छोटा ॲम्प्लिफायर घेताना

आमच्या वस्तीतील एक काका गोदीतून निवृत्त झाले. चाळ पडली, तिथे इमारत उभी राहिली आणि काकांना एक खोली व स्वयंपाकघर मिळाले. सामान हलवताना एक पेटी मात्र त्यांनी कुणाला उचलू दिली नाही. तिच्यात कॅसेटी होत्या. वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे. काही दीक्षाभूमीवरच्या स्टॉलवर घेतलेल्या, काही सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर. टेप अजून चालत होता, पण जुना ॲम्प्लिफायर केव्हाच बंद पडला होता.

मुलाने वडिलांसाठी हप्त्यावर एक मोठा संच आणला. खोक्यावर ठळक अक्षरांत छापले होते : ५००० वॅट. पहिल्याच संध्याकाळी भांड्यांची फळी थरथरू लागली. शेजारच्या मुलीची दहावीची परीक्षा जवळ आलेली. तिची आई दारात येऊन उभी राहिली. काका मुलाला एवढेच म्हणाले, "बाळा, ढोलकी लय वाजतेय, पण दादा काय म्हणतात ते कळंना रे."

काकांची तक्रार साधी नाही. भीमगीत हे नुसत्या करमणुकीसाठी जन्मले नाही. ज्यांच्या हाती पाटी आली नाही, त्यांच्यापर्यंत बाबासाहेबांचा विचार या गाण्यांनी पोचवला. तिथे शब्दच हरवला तर उरले काय? म्हणून ॲम्प्लिफायर घेताना पहिला प्रश्न 'किती वॅट?' हा नसावा. 'शब्द कळतो का?' हा असावा.

वॅटचा भुलभुलैया

खोक्यावरच्या हजारो वॅटपुढे बहुधा 'पीएमपीओ' ही अक्षरे असतात. हे मोजण्याची सर्वांनी मान्य केलेली पद्धतच नाही. कंपनी सांगेल तो आकडा! आपण विचारायचा तो 'आरएमएस' आकडा, म्हणजे यंत्र सतत किती शक्ती देऊ शकते ते.

तोही खरा की खोटा, हे पडताळण्याची एक सोपी युक्ती आहे. ॲम्प्लिफायरसोबत येणारा ॲडॅप्टर उलटा करून पाहा. त्यावर व्होल्ट आणि ॲम्पिअर छापलेले असतात. दोहोंचा गुणाकार करा. १२ व्होल्ट, २ ॲम्पिअर म्हणजे २४ वॅट. आत येते २४, तर बाहेर सतत १०० कुठून येणार? विहिरीत आहे तेवढेच पाणी पोहऱ्यात येणार!

आजचे छोटे ॲम्प्लिफायर बहुतेक 'क्लास डी' पद्धतीचे असतात. त्यांत वीज उष्णतेत फार वाया जात नाही. त्यामुळे जड ट्रान्सफॉर्मर लागत नाही आणि यंत्र टिफिनच्या डब्याएवढे होते. त्यांपैकी अनेकांत टीपीए ३११६ हा आयसी असतो. २१ व्होल्ट वीज आणि ४ ओहमचे स्पीकर दिले तर तो दोन्ही बाजूंना ५० वॅटपर्यंत देऊ शकतो. तोच १२ व्होल्टवर ८ ओहमच्या स्पीकरला जोडला, की एका बाजूला आठ-नऊ वॅटच देतो. खोक्यावर मात्र '५०+५०' छापलेले असते.

आपल्या खोलीला किती पुरे?

आठ-नऊ वॅट म्हणजे कमी, असे वाटेल. तसे नाही. पूर्वी वस्तीतले मेकॅनिक ४४४० नंबरचा आयसी घालून ॲम्प्लिफायर बांधून देत. तो एका बाजूला सहा वॅटच्या आसपास देई आणि अख्खी चाळ ऐके!

स्पीकरच्या माहितीपत्रकात 'सेन्सिटिव्हिटी' दिलेली असते. समजा ती ८८ डेसिबल आहे. म्हणजे फक्त एका वॅटवर, एक मीटर अंतरावर ८८ डेसिबल आवाज. माणसांचे साधे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते. दहा बाय बाराच्या खोलीत रोजच्या ऐकण्याला एक वॅटसुद्धा जास्त होतो. ढोलकीची थाप क्षणभर जास्त शक्ती मागते, म्हणून खरे १० ते २० वॅट असले की झाले. शिवाय वॅट दुप्पट केल्याने आवाज दुप्पट होत नाही. तीनच डेसिबल वाढतो.

शेजाऱ्यांचाही विचार हवा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा ठरवलेली आहे. पण त्याहून मोठा नियम आपला स्वतःचा. भिंतीपलीकडे एखादे लेकरू अभ्यास करत असेल, तर त्याचा अभ्यास मोडून आपले गाणे कसे चालेल?

पैसा स्पीकरवर

जवळच्या पैशाचा मोठा वाटा स्पीकरवर घाला. माळ्यावर जुने, चांगले ८ ओहमचे स्पीकर असतील तर नवे घेऊच नका. स्पीकरच्या मागे लिहिलेले ओहम ॲम्प्लिफायरला चालतात का, ते पाहा. एकाच बाजूला ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले तर ते ४ ओहम होतात, हे लक्षात ठेवा.

आणखी एक सावधगिरी. अशा बहुतेक छोट्या यंत्रांत डाव्या-उजव्या स्पीकरच्या उणे तारा एकमेकींना जोडायच्या नसतात. जोडल्यास आयसी जळू शकतो.

टेप असेल तर मागे लाल-पांढऱ्या पिनांची जागा हवी. टेपच्या 'लाइन आउट'मधून तार घ्यावी. मोबाइलसाठी ब्लूटूथ असावे. बेस आणि ट्रेबलची बटणे वेगवेगळी असतील तर उत्तम. बेस उतरवला की शब्द वर येतो. बीबीसीने १९५५ साली घेतलेली बाबासाहेबांची मुलाखत ऐकताना हे लगेच जाणवते. जुन्या ध्वनिमुद्रणात बेस चढवला तर नुसती घरघर वाढते.

दुकानात जाताना

तथागतांनी कालामांना सांगितले, की कुणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखा. दुकानातही हाच धडा उपयोगी पडतो. आपल्या ओळखीचे एक गाणे मोबाइलमध्ये घेऊन जा. घरातल्या वडीलधाऱ्या माणसालाही सोबत न्या. आवाज हळू ठेवून गाणे लावा आणि त्यांना विचारा, शब्द कळतात का? मग गाणे थांबवा आणि स्पीकरला कान लावा. गुणगुण येत असेल तर दुसरा संच दाखवायला सांगा.

ॲडॅप्टरवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहा. पक्के बिल घ्या. फसवणूक झाल्यास ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

काकांच्या घरी आता डब्याएवढा ॲम्प्लिफायर आणि माळ्यावरून काढलेले जुने दोन स्पीकर आहेत. रविवारी सकाळी वंदना झाली की हळू आवाजात कॅसेट लागते. नात शब्दांचा अर्थ विचारते आणि काका सांगत बसतात. तो ५००० वॅटचा संच पलंगाखाली आहे. त्याचे तीन हप्ते अजून बाकी आहेत. तुमचे ते वाचावेत, म्हणून हा लेखप्रपंच.