उथळ पाण्यातली शिकार आणि तिची हद्द

कोकणातल्या मुस्लिम घराला मासळीची ओळख करून द्यावी लागत नाही. खाडीकाठच्या आपल्या मोहल्ल्यांत मुलांना भरती-ओहोटीचं वेळापत्रक शाळेच्या वेळापत्रकाआधी पाठ होतं. दालदी बांधवांचा तर तो पिढीजात धंदाच. हीच घरं नोकरीसाठी आधी मुंबईला, मग आखातात गेली आणि आता त्यांतली काही मुलं ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर स्थायिक झाली आहेत. माझा एक भाचा तिकडे क्वीन्सलँडमध्ये, गोल्ड कोस्टला राहतो. सुटीच्या दिवशी फज्र पढून तो कयाक घेऊन खाडीत उतरतो. परवा फोनवर म्हणाला, "मामू, इथे गळ विसरला तरी चालेल, मोजपट्टी विसरून चालत नाही."

त्याचं हे म्हणणं नुसती गंमत नाही. या छंदातून दीनाची आणि दुनियेची बरीच शिकवण मिळते, म्हणून हा विषय वाचकांसमोर मांडत आहे.

वाळूत लपणारा मासा

कयाक म्हणजे वल्ह्यानं चालवायची एका माणसाची हलकी, अरुंद होडी. तिला इंजिन नाही, डिझेल नाही, आवाज नाही. गुडघाभर पाण्यातही ती तरंगते. त्यामुळे मोठी बोट जिथे रुतेल, तिथे कयाकवाला सहज जातो आणि ज्या माशाच्या मागे तो असतो, तोही नेमका तिथेच राहतो.

या माशाला तिकडे फ्लॅटहेड म्हणतात. नावाप्रमाणेच त्याचं डोकं वरून दाबल्यासारखं चपटं असतं आणि डोळे वरच्या बाजूला. त्याच्या अनेक जाती आहेत. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या खाड्यांत मिळणारी डस्की फ्लॅटहेड ही त्यांतली सर्वांत मोठी. ती एक मीटरहूनही लांब वाढते. हा मासा पाठलाग करत नाही. वाळूत अंग पुरून, रंग वाळूसारखाच करून पडून राहतो. लहान मासा किंवा कोळंबी डोक्यावरून गेली की क्षणात झडप घालतो. ओहोटीनंतर उघड्या पडलेल्या वाळूवर त्याच्या अंगाचा ठसा दिसतो. जाणकार तो ठसा पाहूनच पुढच्या भरतीला कुठे जायचं ते ठरवतात.

ओहोटीची वेळ

शिकारीची उत्तम वेळ ओहोटीची. भरतीच्या पाण्याबरोबर बारीक मासळी खारफुटीत आणि समुद्री गवतात शिरलेली असते. पाणी उतरू लागलं की तिला लहान लहान ओहोळांतून बाहेर यावंच लागतं. फ्लॅटहेड त्या ओहोळांच्या तोंडाशी आणि वाळूचा उथळ पट्टा संपून पाणी खोल होतं त्या कडेला दबा धरून असतो.

कयाकवाला वल्हं थांबवून होडी प्रवाहावर सोडतो आणि गळ पुढे फेकतो. गळाला बहुतेक वेळा रबरासारखं मऊ, माशाच्या आकाराचं नकली आमिष असतं आणि त्याला शिशाचं लहान वजन. ते तळाला टेकू द्यायचं, हलकेच उचलायचं, पुन्हा टेकू द्यायचं. घाई करणाऱ्याचा गळ वरून निघून जातो. इथे सब्र असणाऱ्यालाच मासा मिळतो.

मासा होडीजवळ आला की हातानं धरायचा नाही. त्याच्या कल्ल्यांजवळ तीक्ष्ण काटे असतात आणि तो डोकं झटकून ते रुतवतो. हातजाळीत घ्यावा, ओल्या फडक्यानं धरावा.

आधी जीव, मग छंद

किनारा जवळ आहे म्हणून धोका नाही, असं समजू नये. कयाकला सर्वांत मोठा धोका जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्याचा, म्हणजे आपल्या मतलई वाऱ्याचा. किनाऱ्यालगत पाणी संथ दिसतं, पण होडी नकळत बाहेर ओढली जाते आणि परतताना हात थकतात. ओहोटीचा प्रवाह आणि मतलई वारा एकत्र आले तर चांगल्या पोहणाऱ्याचंही काही चालत नाही. म्हणून लाईफ जॅकेट अंगात घालूनच पाण्यात उतरावं, ते होडीत ठेवून उपयोग नाही. वल्हं दोरीनं होडीला बांधावं, फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवावा आणि कुठे जातो, कधी येतो ते घरी सांगून निघावं. उंट आधी बांधा, मग अल्लाहवर तवक्कुल करा, ही हुजूर सल्ल. यांची तालीम होडीलाही लागू आहे.

समुद्राची शिकार हलाल, पण...

सूरह माइदामध्ये अल्लाह तआलानं समुद्राची शिकार आपल्यासाठी हलाल केली आहे. माशाला जबह करण्याची शर्त नाही. कोकणातले बहुतेक मुस्लिम शाफई मसलकाचे आहेत आणि त्यांच्याकडे समुद्राच्या खाद्याबाबत मोकळीक जास्त आहे. हनफी मसलकात पाण्यातल्या जीवांपैकी मासाच हलाल मानला जातो. फ्लॅटहेड मासाच असल्यानं त्याच्याबाबत दोघांचाही इख्तिलाफ नाही.

तरीही हलाल म्हणजे वाटेल तसं वागण्याची मुभा नाही. प्रत्येक कामात एहसान, म्हणजे चांगुलपणा ठेवावा आणि जनावराला कमीत कमी त्रास व्हावा, असं सहीह मुस्लिमच्या हदीसमध्ये आलं आहे. म्हणून मासा तासन्‌तास तडफडत ठेवू नये. ठेवायचा असेल तर डोक्यावर एक जोरदार घाव घालून लगेच संपवावा आणि बर्फात घालावा. सोडायचा असेल तर ओल्या हातानं, पटकन पाण्यात सोडावा. जिवंत जीव गळाला टोचण्यापेक्षा नकली आमिष बरं. आणि खाण्याचा इरादाच नसताना केवळ फोटोसाठी जीव घेणं, हे मोमिनाला शोभत नाही.

ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या घरांसाठी एक व्यवहारी सूचना. तिथल्या दुकानांत तळलेला फ्लॅटहेड फार चालतो, पण त्याच्या पिठात अनेक ठिकाणी बिअर घालतात आणि काही ठिकाणी तळणीला जनावराची चरबी असते. मासा हलाल आहे म्हणून ताट हलाल झालं असं नाही. विचारून घ्यावं. घरी मीठ, हळद, लाल तिखट आणि कोकमाचं आगळ लावून, तांदळाच्या पिठात घोळवून तळला तर दुकानाची आठवणही येत नाही. त्याचं मांस पांढरं, घट्ट आणि चव सौम्य असते, त्यामुळे नारळाच्या दुधातल्या सालनातही तो छान लागतो.

मोजपट्टीची गोष्ट

आता भाच्याची मोजपट्टी. क्वीन्सलँडमध्ये डस्की फ्लॅटहेड ४० सेंटीमीटरपेक्षा लहान असेल तर ठेवता येत नाही आणि ७५ सेंटीमीटरपेक्षा मोठा असेल तरीही ठेवता येत नाही. मधल्या मापाचे, तेही माणशी पाचच. शेजारच्या न्यू साऊथ वेल्समध्ये हीच मापं ३६ आणि ७० सेंटीमीटर आहेत, मर्यादा तिथेही पाचचीच.

लहान मासा सोडण्याचं कारण कुणालाही कळेल. मोठा का सोडायचा? कारण या जातीत नर लहानच राहतो आणि खूप मोठी असते ती बहुतेक मादी. जितकी मोठी मादी, तितकी अंडी जास्त. ती एक उचलली तर पुढच्या हजारो पिलांचा रस्ता बंद होतो.

पण खाडीत पहाटे एकटा माणूस. त्याच्या जाळीत ८० सेंटीमीटरची मादी. आजूबाजूला अधिकारी नाही, कॅमेरा नाही. तिथे कायदा नव्हे, तकवाच कामी येतो.

सूरह आराफमध्ये समुद्रकाठच्या एका वस्तीचा किस्सा आहे. त्यांना शनिवारी शिकारीची मनाई होती आणि मासे नेमके शनिवारीच पाण्यावर दिसत. मुफस्सिरीन लिहितात की त्यांनी शनिवारी मासा पकडल्याचं नावही येऊ दिलं नाही. आधीच जाळी आणि खड्डे तयार ठेवले आणि रविवारी मासे उचलले. हिशेब बरोबर, नियत खोटी. त्यांचा अंजाम आपल्याला ठाऊक आहे. मासा त्यांच्यासाठी रोजी होता, तसाच इम्तिहानही होता.

ही परीक्षा फक्त ऑस्ट्रेलियात नाही. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते, कारण पावसाळा हा अनेक जातींच्या प्रजननाचा काळ. महाराष्ट्र सरकारनं ५४ जातींच्या माशांसाठी किमान मापही ठरवून दिलं आहे. तरीही बाजारात बोटाएवढी पापलेटं स्वस्तात मिळाली की आपण खूश होऊन घेतो. विकणाऱ्याला दोष देण्याआधी आपली पिशवी पाहावी. घेणाराच नसेल तर ती पिलं कोण पकडील?

आयांनी, बहिणींनी एवढं केलं तरी पुरे: बाजारात पिल्लू दिसलं तर "हे नको, मोठं दे" म्हणावं आणि ते का नको हे सोबतच्या मुलाला तिथेच सांगावं. रिज्क देणारा अल्लाह आहे, पण त्या रिज्कची अमानत आपल्या हाती आहे. आपल्या नातवंडांनाही पापलेट पुस्तकात नाही, ताटात पाहायला मिळो. आमीन.